सायकलवरची विंगेट आणि खाडीतली कयाक

ऐरोलीच्या एका वडिलांचा प्रश्न असा आहे. मुलगी १७ वर्षांची, चार वर्षं कयाक चालवते, एकटीच्या बोटीत म्हणजे के-१ मध्ये २०० आणि ५०० मीटर खेळते. एका ठिकाणी तिची सायकलवर ३० सेकंदांची विंगेट चाचणी झाली आणि कागदावर आलं, 'ॲनारोबिक क्षमता अपेक्षेपेक्षा कमी', म्हणजे प्राणवायूशिवाय थोडा वेळ जोर लावण्याची ताकद कमी. त्यावरून प्रशिक्षक आता आठवड्यातून चार दिवस जीव तोडून स्प्रिंट मारायला लावणार आहेत. हा कागद खरा मानायचा का? आणि ठाणे-नवी मुंबईत, मोठ्या प्रयोगशाळेशिवाय, हे नीट मोजता येईल का? सोबत तिच्या शांत पाण्यातल्या वेळा दिल्या आहेत: २०० मीटर ४८ सेकंद, ५०० मीटर २ मिनिटं १७ सेकंद, १००० मीटर ४ मिनिटं ४३ सेकंद.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. कागद बाजूला ठेवा, पण फाडू नका. चाचणी चुकीची निवडली होती, तरी निष्कर्ष कदाचित बरोबर निघेल. मला तो सायकलवरून नाही, तुम्ही दिलेल्या तीन वेळांवरून दिसतोय. आणि चार दिवसांच्या स्प्रिंट अजून सुरू करू नका.

विंगेटबद्दल. इस्रायलमधल्या विंगेट इन्स्टिट्यूटमध्ये १९७० च्या दशकात ही चाचणी आकाराला आली. मूळ पद्धतीत खेळाडूच्या वजनाच्या ७.५ टक्के भार सायकलच्या चाकावर टाकतात, ३० सेकंद जीव खाऊन पेडल मारायला लावतात आणि तीन आकडे काढतात: पाच सेकंदांतली सर्वोच्च ताकद, पूर्ण ३० सेकंदांची सरासरी आणि शेवटाला किती घसरण झाली ती. चाचणी उत्तम आहे, पण ती मांड्यांची परीक्षा आहे. तुमची लेक पाण्यात ढकलते ते कमरेतून, पाठीतून, खांद्यातून. पाय फूटबोर्डवर रेटा देतात, नाही असं नाही, पण तो रेटा धडाला पिळून बाहेर पडतो. चार वर्षं बोटीत बसून सराव करणाऱ्या मुलीची सायकलवर ताकद कमी भरली, यात आश्चर्य ते काय? उलट एखादी कबड्डीपटू त्याच सायकलवर तिला सहज मागे टाकेल, पण कयाकमध्ये बसवली तर दहा मीटरवर उलटेल.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून हातांची विंगेट घेतात, टेबलावर लावलेलं पेडल हातांनी फिरवायचं. ती सायकलपेक्षा जवळची, तरी तिच्यात धडाची पिळण नाही, वल्ह्याचा 'कॅच' म्हणजे पातं पाण्यात रोवून पकड घेण्याचा क्षण नाही आणि दोन्ही हात गोल गोल फिरतात. मी ती फक्त खांदा दुखावलेल्या खेळाडूसाठी वापरतो. बाकी सगळ्यांसाठी एकच यंत्र, कयाक अर्गोमीटर. वल्ह्याच्या दोन टोकांना दोऱ्या, पुढे हवेचं पंखाचाक, सरकती किंवा स्थिर सीट आणि पडद्यावर वॉट.

आता मुळाशी जाऊ. ॲनारोबिक, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं 'विनॉक्सी', ही एक गोष्ट नाही. पहिल्या आठ-दहा सेकंदांत स्नायूंत साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट जळतं. त्याच वेळी ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, ऑक्सिजनशिवाय फोडण्याचं काम जोर धरतं आणि अर्धा-पाऊण मिनिट, कधी त्याहून जास्त, तेच मुख्य भार उचलतं. प्राणवायूवर चालणारं इंजिनही सुरुवातीपासूनच तापायला लागलेलं असतं. कयाकिंगमधला ढोबळ हिशेब असा, की २०० मीटरमध्ये साधारण ४० टक्के ऊर्जा प्राणवायूच्या मार्गाने येते, ५०० मध्ये ६० च्या वर आणि १००० मध्ये ८० च्या आसपास. हे आकडे ३५-४० सेकंदांत २०० मीटर मारणाऱ्यांचे. तुमच्या मुलीला ४८ सेकंद लागतात, म्हणजे तिच्या बाबतीत प्राणवायूचा वाटा आणखी थोडा जास्त. आपल्याकडे 'वल्हवणं म्हणजे ताकद' असं धरून १००० मीटरवाल्यांनाही स्प्रिंटमध्ये घोळवतात, म्हणून हे सांगतो. हांगझोऊच्या आशियाई खेळांत, २०२३ मध्ये, अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांनी सी-२ म्हणजे दोघांच्या कनू बोटीच्या १००० मीटरमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा त्यांना ३ मिनिटं ५३ सेकंद लागले होते. चार मिनिटांच्या त्या कामातलं बहुतेक काम फुप्फुसं आणि हृदयाचं आहे.

आता तुमच्या तीन वेळा. वेळ आडव्या अक्षावर, अंतर उभ्या अक्षावर घ्या आणि तीन बिंदूंतून जवळात जवळ सरळ रेषा काढा. दहावीच्या मुलालाही जमतं. रेषेचा चढ म्हणजे टिकाऊ वेग, म्हणजे जो बराच वेळ ओढता येतो तो. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ते राखीव अंतर, म्हणजे टिकाऊ वेगाच्या वर जाऊन एकदाच खर्च करता येणारी पुंजी. तुमच्या लेकीचा टिकाऊ वेग येतो सेकंदाला ३.४१ मीटर आणि राखीव अंतर साधारण ३५ मीटर. पडताळा घ्या: ३.४१ गुणिले १३७ सेकंद, अधिक ३५, म्हणजे ५०२ मीटर. बरोबर बसतं.

या ३५ मीटरला लोक 'ॲनारोबिक क्षमता' म्हणून मोकळे होतात. तिथेच मी हात धरतो, कारण हा आकडा भलताच नाजूक आहे. समजा १००० मीटरच्या दिवशी समोरून थोडा वारा होता आणि तिला ४:४३ ऐवजी ४:४६ लागले, बाकी दोन वेळा तशाच. पुन्हा रेषा काढा. राखीव अंतर ३५ वरून ३९ वर जातं! म्हणजे मुलगी लांब अंतरात मंद झाली आणि कागदावर तिची ॲनारोबिक क्षमता दहा टक्क्यांहून जास्त वाढली. उलट २०० मीटरला स्टार्टर जरा गडबडला आणि ४८ चे ४९ झाले, तर तेच अंतर ३२ वर येतं. वेळेतली एक-दोन टक्क्यांची चूक, उत्तरात दहा टक्क्यांची. म्हणून एका दिवशीच्या तीन वेळांवरून कुणाला 'कमी' किंवा 'जास्त' म्हणू नये.

मग मला ती कमी का वाटते? दोन वेगांची तुलना करून बघा. २०० मीटरमध्ये तिचा सरासरी वेग ४.१७, ५०० मध्ये ३.६५. म्हणजे ५०० चा वेग २०० च्या ८७-८८ टक्के. टोकियो ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनने दोन्ही सुवर्णं जिंकली, २०० मीटर ३८.१२ सेकंदांत आणि ५०० मीटर १ मिनिट ५१.२ सेकंदांत. तिचं हेच प्रमाण ८६ च्या थोडं खाली. दिवस वेगळे, वारा वेगळा, त्यामुळे दशांशाला चिकटू नका. पण तुमच्या मुलीचा ५०० मीटर २५ सेकंद जास्त चालतो, म्हणजे तिची घसरण कॅरिंग्टनपेक्षा जास्त हवी होती. ती कमी आहे. याचा अर्थ तिचा दम चांगला आहे, आणि छोट्या अंतरात काहीतरी अडतंय.

काय अडतंय, हा खरा प्रश्न, आणि त्याचं पहिलं उत्तर शरीरात नसतं. ते स्टार्टमध्ये असतं. थांबलेली बोट हलवायला जे चार-पाच स्ट्रोक लागतात त्यांत वल्हं उथळ पडलं, बोट डोलली, की दोन सेकंद गेलेच. ते नुकसान २०० मीटरमध्ये सगळ्यात जास्त दिसतं आणि हिशेबात 'ॲनारोबिक कमी' म्हणून उमटतं. म्हणून कुठल्याही चाचणीआधी हे करा: एकदा थांबलेल्या बोटीतून ५० मीटर, मग पूर्ण विश्रांती, मग वीसेक मीटर वेग घेऊन पुढचे ५० मीटर. किनाऱ्यावरून फोनवर चित्रण करा आणि वेळ त्यातूनच काढा. धावत्या ५० मीटरची वेळ चांगली आणि थांबलेल्याची वाईट, तर तिला स्प्रिंटचा डोस नको, स्टार्टचे पन्नास स्ट्रोक रोज हवेत. दोन्ही वाईट असतील तरच पुढे वाचा.

पुढची जागा अर्गोमीटर. मी तीन चाचण्या घेतो, तीन वेगळ्या दिवशी. पहिली १० सेकंदांची, दोनदा, मध्ये किमान पाच मिनिटं विश्रांती, चांगली ती धरायची. दुसरी ४५ सेकंदांची. आणि तिसरी दोन मिनिटांची, कारण ५०० मीटर तिच्यासाठी सव्वादोन मिनिटं आहे. ४५ सेकंदांच्या चाचणीत एकच नियम: राखून ठेवायचं नाही. पहिल्या स्ट्रोकपासून पूर्ण जोर आणि मग जे होईल ते. शर्यतीत शहाणपणा म्हणून जे शिकवतो, तेच इथे चाचणी बिघडवतं. मुली हुशार असतात, शेवटी कोसळू नये म्हणून सुरुवातीला हात आखडतात. सर्वोच्च पाच सेकंद पहिल्या दहात आले नाहीत, तर ती चाचणी रद्द समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

घसरणीच्या टक्केवारीबद्दल मला खास राग आहे, तो इथे काढतो. समजा एक मुलगी २८० वॉटवर सुरू होते आणि १६० वर संपते. घसरण ४३ टक्के. दुसरी २१० वर सुरू होऊन १७० वर संपते, घसरण १९ टक्के. कागद म्हणतो दुसरी जास्त तंदुरुस्त. पण पहिलीची सरासरी २०५ आणि दुसरीची १८८ असेल, तर २०० मीटरला पहिलीच पुढे असणार. ज्याच्याकडे खर्चायला जास्त, त्याचा खर्चही मोठा दिसतो. सरासरी बघा, सर्वोच्च बघा, घसरण शेवटी बघा, आणि एकटी तर कधीच नको.

अर्गोवर भार कसा लावायचा? पंख्याच्या झडपेवरचा आकडा नाही, तर पडद्यावर दिसणारा ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंखा प्रत्यक्षात किती अडवतो तो आकडा, लिहून ठेवा आणि दर वेळी तोच लावा. दमट, गरम हवेत आणि धूळ बसलेल्या जाळीत तीच झडप वेगळा भार देते. मे महिन्यातल्या बंद गाळ्यात आणि जानेवारीच्या सकाळी झडप '४' वर ठेवून आलेले आकडे जुळत नाहीत. वल्हं मागे खेचणाऱ्या रबरी दोरीचा ताणही तपासा. ती ढिली पडली की वॉट फुकटात वाढतात.

आता खाडी. ठाणे-नवी मुंबईकरांना पाण्यात मोजायचं तर सगळ्यात मोठा शत्रू प्रवाह. सेकंदाला अवघ्या २० सेंटिमीटरचा प्रवाह घ्या, जो डोळ्यांना जाणवतही नाही. ५०० मीटरच्या १३७ सेकंदांत तो बोटीला २७ मीटर पुढे किंवा मागे नेतो. वर आपण ३५ मीटरच्या पुंजीचा कीस काढत होतो! 'जाताना-येताना सरासरी घेऊ' हेही चालत नाही, कारण जीव तोडून मारलेला ५०० मीटर वीस मिनिटांत दुसऱ्यांदा तसाच मारता येत नाही.

यावर कोळी मंडळींचा जुना हिशेब कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि पहाटे पाच-सहाला सुकती, म्हणजे ओहोटी. तेव्हा उधाणही असतं, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, प्रवाह जोरात, आणि सकाळी बोट टाकायला गेलात तर समोर चिखल. उरलंसुरलं पाणी उथळ, आणि उथळ पाण्यात बोट जड चालते. अष्टमीला मात्र आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती पूर्ण, पाणी क्षणभर थांबलेलं, खोली भरपूर, आणि अष्टमीच्या पुढेमागे भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीचे, दिवस असल्याने प्रवाहही मरतुकडा. वारा अजून उठलेला नसतो. पंधरवड्यातून एकदा येणारी ती सकाळ चाचणीसाठी धरून ठेवा. खाडीत आत पाणी समुद्रापेक्षा जरा उशिरा चढतं, तेव्हा भरतीचं छापील वेळापत्रकही बघा आणि पाण्यावर झाडाचं पान टाकून खात्री करा. पान हललं नाही की सुरू. पावसाळ्यात हे सगळं सोडून द्या आणि अर्गोवर या.

घड्याळातल्या जीपीएसवर पहिल्या २० मीटरचा वेग बघू नका. सेकंदाला एकदा नोंद करणारं घड्याळ तिथे गोंधळतं. ५०-५० मीटरचे टप्पे मात्र त्यातून बरे मिळतात. खुणेसाठी पाण्यात सोडलेले दोर आणि वर तरंगणारे डबे लावता आले तर त्याहून चांगलं.

लॅक्टेटची पट्टी हल्ली सगळ्यांनाच हवी असते. लॅक्टेट म्हणजे ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय फोडताना तयार होऊन रक्तात उतरतं ते. बोटातून थेंब, आकडा पडद्यावर, पालक खूश. ४५ सेकंदांच्या जोरानंतर लॅक्टेटचा शिखर आकडा लगेच नाही, बहुधा तीन ते आठ मिनिटांनी येतो, म्हणून तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मिनिटाला थेंब घ्यावे लागतात. घामातही लॅक्टेट असतं, म्हणून बोट धुऊन, पुसून, पहिला थेंब टाकून दुसरा घ्यायचा. खाडीच्या पाण्याने ओला हात असेल तर आकडा पातळ होतो. एवढं सगळं पाळूनही तो आकडा 'क्षमता' सांगत नाही, रक्तात किती पोचलं तेवढंच सांगतो.

इथे माझी एक चूक सांगतो. एका मुलीचा शिखर आकडा १३ वरून ८ वर आलेला पाहून मी तिच्या घरच्यांना म्हणालो, 'बघा, प्राणवायूचं इंजिन सुधारलं.' मग कळलं की नवरात्राचे दिवस होते आणि ती पाच दिवस लिंबूपाणी आणि एखाद्या फळावर होती. साबुदाण्याची खिचडी खाल्ली असती तरी पिष्ट पोटात गेलं असतं! स्नायूंत ग्लायकोजेनच नव्हतं, तर लॅक्टेट बनणार कशाचं? तिचे वॉटही कमी झाले होते, ते मी बघितलेच नव्हते. तेव्हापासून चाचणीच्या आदल्या दोन दिवसांचं जेवण, झोप आणि मासिक पाळीचा दिवस वहीत लिहून घेतो, आणि लॅक्टेट वॉटशिवाय वाचत नाही.

तोंडाला मुखवटा लावून ऑक्सिजनची तूट मोजायची एक पद्धत आहे. नॉर्वेच्या मेडबो आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ती मांडली. आधी सोप्या-मध्यम जोरावर अनेक टप्पे घेऊन ताकद आणि प्राणवायू यांची रेषा काढतात, मग त्या रेषेच्या वरच्या जोराला किती प्राणवायू लागला असता तो अंदाज करून प्रत्यक्ष घेतलेला वजा करतात. तत्त्व सुरेख, पण रेषा वर लांबवताना चुकीला जागा राहते, आणि तंत्र सुधारलं की रेषाच बदलते. १७ वर्षांच्या मुलीसाठी त्यावर पैसे घालवू नका. त्या पैशात चांगलं वल्हं येईल.

चाचण्यांचे आकडे आल्यावर वाचायचे कसे? १० सेकंदांचे वॉट बरे, पण ४५ सेकंदांत कोसळते, तर जोरात टिकण्याचं काम हवं. १० सेकंदांतच कमी, तर आधी बार, पुलअप, बेंच पुल. ताकदच नाही तर टिकवणार काय? अर्गोवर सगळं छान आणि पाण्यात वेळ येत नाही, तर दोष शरीराचा नाही, वल्ह्याचा आणि बोटीच्या तोलाचा. हे तिसरं मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं, आणि सगळ्यात कमी ऐकून घेतलं जातं, कारण त्याच्यासाठी घाम गाळल्याचा फोटो काढता येत नाही.

सुधारणा मोजताना एक हिशेब जवळ ठेवा. पाण्यात ताकद वेगाच्या साधारण घनात लागते. पाच टक्के वॉट वाढले तर वेग दीड टक्क्याच्या आसपास वाढतो, म्हणजे तिच्या ४८ सेकंदांतून पाऊण सेकंद. आणि तीच चाचणी काहीही न बदलता पुन्हा घेतली तरी दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतं. म्हणून आधी दोन आठवड्यांत ४५ सेकंदांची चाचणी तीनदा घ्या, तिचा स्वतःचा फरक किती पडतो ते बघा. पुढे सहा आठवड्यांनी आलेली वाढ त्याहून मोठी असेल तरच ती वाढ.

प्रशिक्षकांशी भांडू नका, हे आकडे त्यांच्यासमोर ठेवा. चार दिवसांच्या पूर्ण जोराच्या कामाने या वयात खांदे आधी बोलतात. दोन दिवस पुरेत, मध्ये ४८ तास. चाचणीच्या दिवशी पोट जेवणानंतर दोन-तीन तासांचं असावं, बादली जवळ ठेवा, ओकारी येते त्यात लाज नाही, आणि संपल्यावर दहा मिनिटं हलकं वल्हवल्याशिवाय तिला खाली बसू देऊ नका. खाडीत लाइफ जॅकेट आणि सोबत दुसरी बोट, कोळ्यांच्या जाळ्यांच्या खुणा आधी बघून.

पंचांग काढा, पुढची अष्टमी बघा. त्या सकाळी फक्त थांबलेले आणि धावते ५० मीटर घ्या, बाकी काही नाही. चित्रण असेल तर पाठवा, पहिले पाच स्ट्रोक बघून सांगतो.